‘फ्लेक्सिबल राहा’ हे नेमकं कोणाला सांगताय?

युरोपला स्वस्तात जायचं असेल तर फ्लेक्सिबल राहा, असं सांगणारं एक तरी रील तुम्ही या महिन्यात पाहिलं असणार. तारखा मोकळ्या ठेवा, शहर मोकळं ठेवा, मंगळवारी बुक करा, इन्कॉग्निटोमध्ये शोधा, मोठी बॅग नेऊ नका. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून, ‘बघा, साठ हजारात युरोप!’

यातला काही सल्ला भाकड आहे, काही खरा आहे. पण जो खरा आहे तोही आपल्यासाठी लिहिलेला नाही. ज्यांना विमानात बसण्यासाठी फक्त पासपोर्ट लागतो अशा लोकांनी तो एकमेकांसाठी लिहिला. आपल्याकडच्यांनी तो उचलला, मराठी-हिंदीत आणला आणि आणताना व्हिसा नावाचं प्रकरण गाळून टाकलं. गाळलं, कारण व्हिसाचं रील बघायला मजा येत नाही.

मी बपेऱ्याचा. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा, गावाच्या पुढे मध्य प्रदेश लागतो. काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे गावात ‘विमानाचं तिकीट बघून दे ना गा’ हे काम आपोआप माझ्याकडे येतं. म्हणून आधी भाकड भाग निकालात काढतो.

विमानाच्या एकाच डब्यात, म्हणजे इकॉनॉमीत, सगळ्या सीट सारख्या दिसल्या तरी विकताना त्या दहा-बारा गटांत विकल्या जातात. प्रत्येक गटाला इंग्रजी एक अक्षर, प्रत्येक अक्षराला वेगळं भाडं आणि वेगळे नियम. स्वस्त अक्षरातल्या चार सीट विकल्या गेल्या की पुढच्याला पाचवी मिळते ती वरच्या अक्षरातली. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण गेलं, त्यानंतर १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने हे गणित पक्कं केलं आणि मग सगळ्यांनी उचललं. तुम्ही सकाळी पाहिलेलं भाडं संध्याकाळी चार हजारांनी वाढलं, तर सहसा तो खालचा गट संपलेला असतो, किंवा सकाळी दिसलेला आकडाच साठवून ठेवलेला आणि शिळा असतो. ‘कंपनीने तुमची कुकी वाचली’ ही कथा ऐकायला छान आहे, पण त्यासाठी इन्कॉग्निटोची खिडकी उघडून काही हाती लागत नाही. मंगळवारचंही तेच. भाडी दिवसातून अनेकदा बदलतात, मंगळवारची वाट बघत नाहीत.

जाता जाता एक सांगतो. दोन शहरांमधला सर्वांत स्वस्त प्रवास शोधणं हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे. एमआयटीतल्या मंडळींनी १९९६ मध्ये काढलेली आयटीए सॉफ्टवेअर ही कंपनी याच प्रश्नावर उभी राहिली, पुढे ती गूगलने घेतली आणि गूगल फ्लाइट्स त्यातून आलं. त्या कंपनीतल्या कार्ल डी मार्केन यांनी दाखवून दिलं की भाड्यांचे नियम जसे लिहिले जातात ते पाहता, या प्रश्नाचं सर्वसाधारण रूप कुठलाच संगणक हमखास सोडवू शकणार नाही. तेव्हा ‘सीक्रेट ट्रिक’ विकणाऱ्याकडे जरा सहानुभूतीनं बघा.

आता खऱ्या सल्ल्याकडे येऊ. तारखा मोकळ्या ठेवल्या तर तिकीट स्वस्त मिळतं, हे शंभर टक्के खरं. पण उदाहरण म्हणून बर्लिन घ्या. शेंगेन व्हिसाच्या अर्जात तुम्हाला जाण्याची तारीख लिहावी लागते, येण्याची लिहावी लागते, रोज रात्री कुठे झोपणार ते दाखवावं लागतं. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो, तोही त्याच तारखांचा. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि १५ दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५. त्याआधी अपॉइंटमेंटची तारीख मिळायला हवी, ती कधी मिळेल ते देव जाणे. म्हणजे ‘परवा लिस्बनचं भाडं पडलं, उचल बॅग’ हा खेळ आपल्याला बादच.

शहर मोकळं ठेवा म्हणतात. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, त्यातल्या ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. बर्लिनच्या नावानं व्हिसा काढून, स्वस्त पडलं म्हणून सगळे दिवस बार्सिलोनात काढले, तर पुढच्या अर्जाच्या वेळी त्याचं उत्तर द्यावं लागू शकतं. दोन वेगवेगळी तिकिटं जोडा, हा आणखी एक लाडका सल्ला. लंडनपर्यंत एक, तिथून सामान घेऊन दुसऱ्या विमानतळावर जायचं आणि पुढचं दुसरं. आपल्या पासपोर्टवर त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. वाचवलेले पैसे गेले, वर पैसे घालावे लागले. तिकिटातला शेवटचा टप्पा सोडून मध्येच उतरण्याची युक्ती तर विचारूच नका. एक टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, आणि परतीचं तिकीट नसलेला भारतीय प्रवासी हा इमिग्रेशनच्या खिडकीवर कसा दिसतो याची कल्पना करा.

एकेक सल्ला असा तपासत गेलात की कळतं, स्वस्त तिकिटाची किंमत पैशात भरायची नसते, मोकळेपणात भरायची असते. आणि मोकळेपणा हीच वस्तू आपल्याकडे कमी आहे.

किती कमी, ते सांगतो. माझा एक मित्र गावातच धान करतो. वीस-बावीस वर्षांपासूनची मैत्री, दोघांनी सोबत युरोप बघायचा असं ठरलेलं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच देशाकडे अर्ज केले. देशाचं नाव इथे नको. मला व्हिसा मिळाला, त्याला नाही. त्याच्या हातात आला तो छापील फॉर्म आणि त्यावर एका चौकोनात खूण. अर्थ असा की मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याची खात्री वाटली नाही.

मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, अविवाहित, कुठल्याही देशात नोकरी मिळू शकेल अशा धंद्यातला. दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार येतो म्हणून मी विश्वासू. तो मात्र असा माणूस की रोवणीला दोन दिवस उशीर झाला तर त्याला झोप लागत नाही. त्याच्या खात्यात वर्षभर खडखडाट, आणि खरेदी केंद्रावर धान दिल्यावर चुकारे आले की एकदम मोठी रक्कम. ज्याला धान ठाऊक नाही त्याला ती रक्कम अर्जाआधी कोणाकडून उसनी आणून टाकल्यासारखी दिसते. सातबारा जोडला होता, इंग्रजी भाषांतर करून, नोटरीचा शिक्का मारून. पण जमीन अजून आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, सातबाऱ्यावर याचं नावच नाही. आपल्याकडे निम्म्या घरांची हीच गत. त्याची आई म्हणाली, ‘धान सोडून कुठं जाईल गा तो?’ हे वाक्य कुठल्या रकान्यात बसवायचं?

हा एकट्याचा प्रश्न नाही. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. जून २०२४ पासून मोठ्या माणसाचं शुल्क ८० वरून ९० युरो झालं, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास, वर अर्ज केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. जर्मनीत तर नकारानंतर फुकट फेरविचार मागायची एक सोय होती, तीही १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्यानं पैसे भरून अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. बपेऱ्याहून.

कोणी म्हणेल, प्रत्येक देशाला आपलं दार सांभाळायचा हक्क आहे, आणि मुदत संपूनही राहणारे लोक आहेतच. आहेत. मला हक्काबद्दल तक्रार नाही. तक्रार याबद्दल आहे की पगाराची स्लिप म्हणजे प्रामाणिकपणा आणि शेती म्हणजे संशय, हे समीकरण आपणही मुकाट मान्य केलंय. आणि ज्यांना व्हिसा सहज मिळतो ते आपलेच लोक, ‘इच्छा असेल तर कोणीही जाऊ शकतो’ असं वर ज्ञान देतात. कोणीही नाही. एक ठरावीक जण जाऊ शकतो.

पत्त्याचाही हिशेब आहे, तो कुठल्याच रीलमध्ये नसतो. ‘मुंबईहून अमुक हजार’ म्हणतात तेव्हा मुंबईपर्यंत कोण पोहोचवणार? अपॉइंटमेंट मिळाली ती मुंबईची. तुमसर रोडहून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, सकाळी उतरून कुठे तरी आंघोळ करायची, बोटांचे ठसे द्यायचे, संध्याकाळी परत. दोन रजा, दोन प्रवास, जेवणखाण. पुन्हा प्रत्यक्ष विमानाच्या वेळी तेच. सर्च इंजिनवर सर्वांत वर येणारं मुंबईचं तिकीट अशा वेळी सर्वांत स्वस्त असेलच असं नाही. नागपूरहून कतार एअरवेजनं दोहा, तिथून बर्लिन, असं एकाच तिकिटावर जाता येतं. आकडा मोठा दिसतो म्हणून लोक खाली स्क्रोल करतात. पण एकच तिकीट असल्यानं पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची, आणि घरून नागपूर गाडीनं काही तासांवर. आमच्याजवळच गोंदियाचं बिरसी विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी. डिसेंबर २०२३ पासून तिथून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. बपेऱ्याच्या माणसानं हेही जोडून बघायला हवं. रील करणाऱ्याला बिरसी कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही.

मग काय करायचं? माझ्या मते सगळा क्रम उलटा करायचा. तिकीट शेवटी. आधी रजा कधी मिळणार, घरात लग्न-तेरवी-धान काय आहे ते बघा. मग एकच देश, शक्यतो एकच शहर. मग अपॉइंटमेंट कुठे आणि कधी मिळते ते, आणि त्यावरून तारखा. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी पकडा, नाताळ टाळा, तेव्हा भाडी आणि खोल्या दोन्ही उतरतात. थंडी असते, पण मे महिन्यात भंडाऱ्यात राहिलेल्या माणसानं हवामानाची तक्रार करू नये. व्हिसाच्या नियमात आधी पैसे भरून पक्कं तिकीट काढाच असं नाही, परतीच्या प्रवासाचं आरक्षण चालतं. म्हणून पैसे परत मिळतील असंच बुकिंग ठेवा. ‘डमी तिकीट’ पाचशे रुपयांत विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यातली काही आरक्षणं खरी असतात, काही नुसता कागद असतो, आणि खोटा कागद निघाला तर नाव तुमचं खराब होतं, त्याचं नाही. एकदा दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने वापरता येतात. आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले, तर पुढे दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. म्हणजे पहिली ट्रिप ही तिकिटावर पैसे वाचवायची जागाच नाही, ती नोंद तयार करायची ट्रिप आहे. पहिल्यांदा दोन हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

आणखी एक बोलून टाकतो. आपल्या वयाच्या लोकांना केसरी आणि वीणा वर्ल्डच्या टूरची चेष्टा करायची फार हौस. बसमधले आजी-आजोबा, युंगफ्राउवर गरम जेवण, डब्यात चिवडा-लाडू. पण ते आजोबा नेमकं काय विकत घेतात? कागद कोणीतरी नीट लावून देईल, अपॉइंटमेंट कोणीतरी धरून ठेवेल, ही खात्री. चाळीस वर्षं नोकरी करून त्यांनी जी गोष्ट पैसे देऊन घेतली, ती तुम्हाला पासपोर्टवरच्या जुन्या शिक्क्यांमुळे आणि कंपनीच्या पत्रामुळे फुकट मिळाली. ते ‘टुरिस्ट’ आणि तुम्ही ‘ट्रॅव्हलर’, हा फरक मला अजून कळलेला नाही. एकेकाळी समुद्र ओलांडून आलेल्याला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागे. आता ते जाण्याआधी घ्यावं लागतं, तीन प्रतींत, इतकाच बदल.

तेव्हा ‘साठ हजारात युरोप’ टाकणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी अख्खी शीट टाका. व्हिसा शुल्क, विमा, अर्जासाठी केलेला प्रवास, त्यात गेलेल्या रजा, कार्डावर गेलेला मार्कअप, सगळं. आणि त्यात एक रकाना असाही ठेवा की तुमच्यासोबत कोणाकोणाला यायचं होतं. माझ्या मित्राचं नाव माझ्या शीटमध्ये दुसऱ्या ओळीवर आहे. त्याच्यापुढे नऊ हजारांचा आकडा आहे आणि विमानाच्या तिकिटाचा रकाना रिकामा. यंदा आजोबांच्या जमिनीची वाटणी करून घ्यायचं त्यानं मनावर घेतलंय, तलाठ्याकडे दोन फेऱ्या झाल्यात.