ऑनलाइन लिलावांतील बनावट संग्राह्य नाणी

ऑनलाइन लिलावांतील बनावट संग्राह्य नाणी हा नाणेसंग्रहाच्या व्यवहारातील फसवणुकीचा एक प्रकार आहे. यात जुन्या नाण्याची नक्कल, मूळ नाण्यात फेरफार करून बनवलेला दुर्मीळ नमुना किंवा इतिहासात कधीही न पाडलेले काल्पनिक नाणे अस्सल म्हणून विकले जाते. प्रत्यक्ष दुकानात ग्राहकाला नाणे तोलता, वाजवता आणि त्याची कड पाहता येते. लिलावाच्या संकेतस्थळावर त्याच्यासमोर केवळ छायाचित्र आणि विक्रेत्याचे वर्णन असते. त्यामुळे धातूच्या परीक्षेआधी नाण्यावरील राजसत्ता, मूल्य आणि वर्ष यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

काल्पनिक नाणी

भारतीय बाजारातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यूकेएल' आणि 'एक आणा' किंवा 'दोन आणे' असा मजकूर असलेल्या तांब्या-पितळेच्या चकत्या. त्यांच्यावर रामदरबार, हनुमान किंवा कमळ यांची चित्रे आणि १६१६, १७१७, १८१८, १८३९ यांसारखी वर्षे असतात. काही विक्रेते त्यांत तांदूळ ओढून घेण्याची दैवी शक्ती असल्याचे सांगून लाखोंची किंमत मागतात. या चकत्या म्हणजे यात्रास्थळी मिळणाऱ्या देवाच्या टाकांचाच एक प्रकार असून कंपनीच्या चलनाशी त्यांचा संबंध नाही.

ब्रिटिश अमलाखालील प्रदेशासाठी एकरूप नाणी १८३५ च्या कायद्यानंतर आली. त्याआधी बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती आणि कंपनीचे अनेक रुपये मुघल बादशहाच्या नावाने, फार्सी मजकुरासह पाडले जात. १८३५ नंतरच्या मालिकेत तांब्याचे सर्वांत मोठे नाणे अर्ध्या आण्याचे होते. दोन आणे १८४१ पासून चांदीत निघाले, तर एक आण्याचे तांबे-निकेल मिश्रधातूचे नाणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत आले. म्हणजे १८३९ चा तांब्याचा 'दोन आणे' केवळ मूल्य आणि वर्ष पाहूनच बाद होतो. त्यासाठी भिंग लागत नाही.

'कंपनी हिंदू देवतांची चित्रे नाण्यांवर घालत नसे' हा नेहमी केला जाणारा युक्तिवाद मात्र चुकीचा आहे. मद्रास इलाख्यातील पॅगोडा नाण्यांवर विष्णूची प्रतिमा आढळते. अकबरानेही राम-सीतेची प्रतिमा असलेली नाणी पाडली होती. अशा मोजक्या अस्सल उदाहरणांमुळेच बनावट टाकांना विश्वासार्हतेचे आवरण मिळते.

नकला आणि फेरफार

शिवराई हे तांब्याचे नाणे आजही बऱ्याच प्रमाणात उपलब्ध असल्याने त्याच्या नकलेत फारसा लाभ नाही. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाचे ज्ञात अस्सल नमुने मात्र फारच थोडे आहेत आणि स्मरणवस्तू म्हणून त्याच्या प्रतिकृती उघडपणे विकल्या जातात. असा विक्रेता प्रामाणिक असला, तरी तीच वस्तू पुढच्या हाती गेल्यावर 'घराण्यातील जुना होन' म्हणून लिलावात येऊ शकते. हाताने ठोकलेल्या शिवराईवर चकती ठशापेक्षा लहान असल्याने 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे बहुधा अपुरी उमटलेली असतात. वर्तुळाच्या मधोमध, संपूर्ण आणि एकसारखी अक्षरे असलेला नमुना म्हणूनच संशयास्पद असतो.

ब्रिटिशकालीन रुपयांत फेरफाराचा धोका अधिक आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ आणि १९३८ चा सहज मिळणारा असल्याने शेवटचा आकडा कोरून बदललेले नमुने विक्रीस येतात. येथे धातू आणि वजन दोन्ही अस्सल असल्याने त्या चाचण्या निरुपयोगी ठरतात; आकड्याच्या आसपासच्या पृष्ठभागाचे स्पष्ट, मोठे छायाचित्र मागवावे लागते.

छायाचित्रावरून परीक्षण

ठशातील दोष त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उमटतो, परंतु वापरात पडलेला ओरखडा किंवा खड्डा एकाच नाण्याचा असतो. एखाद्या अस्सल नाण्यावरून साचा घेतल्यास त्याचे ओरखडेही प्रत्येक नकलेवर उतरतात. निरनिराळ्या लिलावांतील दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर ती एकाच साच्यातील असण्याची दाट शक्यता असते. मात्र एकच छायाचित्र दोन ठिकाणी वापरलेले नाही, याची आधी खात्री करावी लागते. पृष्ठभागावरील बारीक बुडबुडे आणि कडेवरची सांधरेषा या ओतकामाच्या इतर खुणा होत.

चांदीच्या प्रमाणित रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात ९१.७ टक्के चांदी असे. झीज झालेले नाणे किंचित हलके भरते. पितळेवर मुलामा दिलेली त्याच आकाराची नक्कल बरीच हलकी पडते. वजन जुळवायचे तर ती जाड करावी लागते. म्हणून तराजूवरील छायाचित्रासोबत कडेचेही छायाचित्र मागणे योग्य. चुंबकाची चाचणी सरसकट लागू होत नाही: १९४७ चा अस्सल रुपया निकेलचा असल्याने तो चुंबकाला चिकटतो, आणि त्या वर्षाचा 'चांदीचा रुपया' हा दावाच खोटा असतो.

प्रमाणन संस्थांच्या सीलबंद प्लॅस्टिक वेष्टनांच्याही नकला होतात. वेष्टनावरील क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडणे पुरेसे नाही, कारण खरा क्रमांक उतरवून घेता येतो. नोंदीतील छायाचित्र उपलब्ध असेल, तर ते प्रत्यक्ष नाण्याशी ताडून पाहावे लागते.

मूल्याविषयीची फसवणूक

काही प्रकरणांत नाणे अस्सल आणि किंमत बनावट असते. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली पाच व दहा रुपयांची नाणी सरकारने मोठ्या प्रमाणात चलनात आणली असतानाही त्यांना लाखो रुपये मिळत असल्याच्या जाहिराती पसरल्या. येथे फसतो तो विक्रेता: त्याच्याकडून नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली आगाऊ घेतली जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने अशा व्यवहारांत तिचे नाव आणि बोधचिन्ह वापरले जात असल्याचा इशारा दिला. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक सहभागी नसते आणि त्यासाठी शुल्क मागत नाही, असे तिने स्पष्ट केले.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर ती 'कॉपी' असल्याचे ठळकपणे उमटवणे बंधनकारक आहे. ईबे या संकेतस्थळाने २०१२ मध्ये नाण्यांच्या प्रतिकृतींची विक्रीच बंद केली. भारतात संग्राह्य नाण्यांच्या प्रतिकृतींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. प्रतिकृती अस्सल म्हणून विकल्यास तक्रार फसवणुकीच्या सर्वसाधारण तरतुदींखाली करावी लागते. अस्सल नाण्यांवर मात्र १९७२ चा पुरावशेष आणि बहुमोल कलाकृती अधिनियम लागू होतो. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी ग्राहकाला 'अस्सल मुघल मोहोर' टपालाने पाठवण्याची तयारी दाखवणारा भारतातील विक्रेता त्यामुळे एकतर नक्कल विकत असतो किंवा कायदा मोडत असतो.