अंगण खरोखरच वांकडें आहे

“नाचतां येईना, अंगण वांकडें” ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे कीं, एखादें अंगण खरोखरच वांकडें असूं शकेल ही शंकासुद्धां कोणाच्या मनाला शिवत नाहीं. दिवसाचे आठ-दहा तास लॅपटॉपवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं आणि सुनांनीं मान आंखडल्याची, खांदा भरून आल्याची किंवा मनगट दुखत असल्याची तक्रार केली म्हणजे वडील मंडळी हीच म्हण निराळ्या शब्दांत त्यांना ऐकवितात. “सरळ बसायला नको, व्यायाम नको, आणि मग मान दुखते!” हा उपदेश हितबुद्धीनें केलेला असतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो अन्यायाचा आहे व शिवाय निरुपयोगी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम यंत्राचाच विचार करूं. लॅपटॉपांत पाहण्याचा पडदा आणि बोटांनीं दाबावयाचा कळफलक हे दोन्ही अवयव एका बिजागरीनें जखडलेले असतात. बसलेल्या माणसाचें कोंपर आणि त्याचे डोळे यांत निसर्गानें हातभराहून अधिक अंतर ठेविलें आहे. बिजागरीनें तें वीतभरावर आणिलें. हात सुखानें टेंकतील अशा उंचीवर यंत्र ठेवावें, तर पडदा छातीपाशीं राहतो आणि मान वांकते. पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून यंत्र उचलावें, तर हात अधांतरीं राहून खांदे चढतात. मान किंवा खांदा, दोहोंपैकीं एकाचा बळी दिल्यावांचून या यंत्रावर दिवसभर काम होत नाहीं.

माणसाचें डोकें चार-पांच किलो वजनाचें असतें. तें कण्यावर तोललेलें असेपर्यंत त्याचें ओझें भासत नाहीं. पुढें झुकलें कीं तें सांवरून धरण्याचें काम मानेमागच्या स्नायूंवर पडतें, आणि तें त्यांना तासन् तास करावें लागतें. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन कोसभर चालणारी बाई तीच कळशी हात लांब करून दहा पावलेंही नेऊं शकणार नाहीं. “सरळ बस” या उपदेशानें तरफेचा नियम बदलत नाहीं. सरळ बसलेली मुलगी पडद्यावरील बारीक अक्षर वाचण्याकरितां पांच मिनिटांत पुन्हां वांकते, कारण तिचे डोळे जिकडे जातात तिकडे मान जाते.

यंत्र काढणारांस हें ठाऊक नव्हतें काय? तसें म्हणतां येत नाहीं. 1981 मध्यें आय. बी. एम. कंपनीनें जो वैयक्तिक संगणक काढिला, त्याचा कळफलक वेगळा होता व वेटोळ्याच्या तारेनें जोडलेला होता. पुढच्याच वर्षीं बिल मॉग्रिज यांनीं आंखलेला ‘ग्रिड कंपास’ आला, आणि पडदा कळफलकावर मिटण्याची घडी त्यांत दिसूं लागली. संगणक बरोबर नेतां यावा, हा तिचा हेतु. 1983 मध्यें हें यंत्र अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही गेलें; जेथें डोक्याला वजनच जाणवत नाहीं, तेथें मानेची तक्रार निघण्याचें कारण नव्हतें! युरोपीय समुदायानें 1990 सालीं पडद्यावर काम करणारांसाठीं जो निर्देश काढिला, त्यांत तर कळफलक पडद्यापासून वेगळा असावा असें स्पष्ट घातलें आहे. बरोबर नेण्याचीं यंत्रें त्यांतून वगळलीं, तीं कामाच्या जागीं दीर्घकाळ वापरलीं जात नसतील तरच. सारांश, लॅपटॉप ही प्रवासाची शिदोरी आहे. ती बाराही महिने घरचें जेवण म्हणून वाढावयाची, आणि खाणाराचें पोट बिघडलें कीं त्याच्या पचनशक्तीला नांवें ठेवावयाचीं, असा हा प्रकार आहे.

यावर एक ठराविक आक्षेप येतो. पेशवाईंतल्या कारकुनाला खुर्ची कोठें होती? त्यानें जमिनीवर बसून दौलतीचे हिशेब लिहिलेच कीं नाहीं? लिहिले, परंतु त्याचा कागद त्याच्या लेखणीला बिजागरीनें जखडलेला नव्हता. तो कागद उभ्या केलेल्या गुडघ्यावर घेई, किंवा उतरत्या फळीचें डेस्क पुढें ओढी. पोथी वाचणारा तर पोथीच घडीच्या लाकडी ठवणीवर उचलून ठेवी. आमच्या पूर्वजांनीं वस्तु शरीरापाशीं आणिली. आपण शरीर वस्तूपाशीं वांकवितों. आणि इतकें असूनही ते लेखनिक सुखी होते असें नाहीं. पाठ, कंबर आणि मान मोडल्याची त्यांची तक्रार जुन्या पोथ्यांच्या शेवटीं आजही वाचावयास मिळते. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तींत लेखनिकांच्या व्याधींचीं तीन कारणें दिलीं: सततचें बसणें, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल आणि मनाचा ताण. आळस हें चौथें कारण त्यानें दिलेलें नाहीं.

दुसरे कोणी गीतेच्या सहाव्या अध्यायाचा हवाला देऊन शरीर, मस्तक व मान समरेषेंत ठेवण्याचें महत्त्व सांगतात. तो अध्याय आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु त्यांत योग्याला दृष्टि नासिकाग्रीं ठेवण्यास सांगितलें आहे. वीतभर पडद्यावरचे आंकडे वाचीत दोन्ही हातांनीं कळा दाबण्यास सांगितलेलें नाहीं.

आतां या प्रश्नाच्या ज्या अंगाविषयीं घरोघर मौन असतें, त्याकडे वळूं. 2020 च्या मार्च महिन्यांत कचेऱ्या घरांत आल्या. त्यांचीं मेजें आणि खुर्च्या मात्र होत्या तेथेंच राहिल्या. आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलगा व सून दोघेंही सारख्याच शिक्षणाचीं आणि सारख्याच कामाचीं. घरांत लिहिण्याचें मेज एक; तें अर्थातच मुलाकडे गेलें. सून पलंगावर मांडी घालून, पुढें उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून, दोन वर्षें काम करीत राहिली. हाताला मुंग्या येऊं लागल्या तेव्हां तिला प्राणायाम सुचविण्यांत आला. मेज आळीपाळीनें वापरावें असें कोणासही सुचलें नाहीं. त्या घरांत दुष्ट असें कोणी नाहीं, आणि म्हणूनच ही गोष्ट आम्ही सांगत आहों. घरांतील एकुलतें एक मेज कोणाचें, याचा निर्णय विचार न करतां होतो, आणि त्याची किंमत एकीची मान देते.

उपाय खर्चाचा आहे असें मानून महागड्या खुर्च्यांच्या जाहिरातींकडे पाहण्याचें कारण नाहीं. कळफलक आणि माउस वेगळे घ्यावेत, हा मुख्य उपाय. बिजागरीची गुलामगिरी तेवढ्यानें संपते. मग जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा यंत्राखालीं घालून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या उंचीला, किंवा किंचित् खालीं, आणावी. पडदा साधारण हातभर दूर आणि खिडकी बाजूला असावी. जेवणाचें टेबल बहुधा पाऊण मीटर उंच असतें. ठेंगण्या माणसास तें उंच पडतें. त्यानें बैठकीवर गोधडीची घडी घालावी आणि पायांखालीं पाट घ्यावा. इतकें करूनही उत्तमांतली उत्तम बैठक दिवसभर टिकविण्यासाठीं नसते. अर्ध्या तासानें उठून चार पावलें टाकलींच पाहिजेत. बधिरता किंवा मुंग्या राहिल्या, तर वैद्याकडे जाण्यास विलंब लावूं नये.

हा खर्च कोणी करावा? सुताराला घरीं बोलावून आपण त्याच्याकडून आपल्या करवतीचे पैसे मागत नाहीं, हें खरें. सुतार स्वतःची हत्यारें आणतो. पण तो त्यांची किंमत मजुरींत धरतो, आणि कामाचा धनी स्वतःच असतो. पगारदाराचें तसें नाहीं. त्याचें हत्यार मालकानें ठरविलें, मालकानें दिलें. मग त्याचा अर्धा भाग, म्हणजे वेगळा कळफलक आणि पडदा उंच करण्याचें साधन, मालकानेंच दिला पाहिजे. जो मालक कामकऱ्यांना घरीं बसवून जागेचें भाडें वांचवितो, त्याला तर नाहीं म्हणण्यास तोंडच उरत नाहीं.

वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे कीं, पुढच्या वेळीं “सरळ बस” हे शब्द ओठांवर आले म्हणजे ते क्षणभर आंवरावेत, कपाटांतले दोन जाड ग्रंथ काढून मुलीच्या यंत्राखालीं ठेवावेत, आणि घरांतलें मेज आज कोणाकडे आहे तें एकदां पाहून यावें.