छातीत पाणी झाले म्हणजे क्षयच, असे नाही

'डॉक्टर, छातीत पाणी झालंय म्हणतात. टीबीच असणार ना?' हा प्रश्न कोरेगावच्या दवाखान्यात मला अनेकदा ऐकावा लागतो. प्रश्न गैर नाही. आपल्याकडे तरुण माणसाच्या छातीत पाणी झाले, तर कारण बहुधा क्षयच निघते. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत तेच गृहीत धरणे महागात पडते.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका खेड्यातून साठीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. खोकला, धाप, वजन घटलेले. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला पाणी. ते तपासले, तर रिपोर्टात 'लिम्फोसाइट' जातीच्या पांढऱ्या पेशी पुष्कळ. मी क्षयाची औषधे सुरू केली. दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरले, आणि या खेपेस ते तांबूस होते. निदान झाले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे. ते दोन महिने माझ्या घाईमुळे वाया गेले, हे कबूल केले पाहिजे.

चूक कशी होते, ते समजून घेऊ. फुफ्फुसाभोवती दुपदरी पातळ आवरण असते. दोन पदरांमध्ये एरवी 10 ते 20 मिलीलिटर, म्हणजे दोन-चार चमचेच पाणी असते. ते सतत पाझरते आणि सतत निचरून जाते. कर्करोगाच्या पेशी या आवरणावर पोचल्या, की निचरा करणाऱ्या लसीकावाहिन्या तुंबतात. शिवाय शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, तेथे गोळा होतात. त्यांच्यातून आणि कर्करोगाच्या पेशींतून जी रसायने सुटतात, त्यांनी बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात. त्यात कर्करोग काही पहारेकऱ्यांना फितवतो. ते गाठीशी लढायचे सोडून तिला नव्या रक्तवाहिन्या पुरवू लागतात. शेतात पाट फुटावा आणि त्याच वेळी निचऱ्याची चर बुजावी, तशी ही गत होते.

क्षयातही जंतूंवर चाल करून याच लिम्फोसाइट पेशी जमतात. म्हणजे त्या दिसल्या, तर पहारेकरी धावले एवढेच कळते. चोर कोण, ते कळत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पन्नाशीपुढील रुग्णाला केवळ लिम्फोसाइट पाहून क्षयाची औषधे सुरू करू नयेत. पाण्याची एडीए तपासणी करावी आणि त्याच पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का, हेही पाहावे. एडीए वाढलेले असले तर क्षयाकडे बोट जाते, पण तोही अखेरचा पुरावा नव्हे. पेशींच्या तपासणीत कर्करोगाचे शंभरांपैकी साधारण साठच रुग्ण सापडतात. तेव्हा एक रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. पाणी पुन्हा भरले, तांबूस आले किंवा वजन घटतच राहिले, तर पुन्हा तपासणी आणि जरूर पडल्यास आवरणाचा तुकडा काढून तपासणे आवश्यक असते.

'पाणी काढलं की माणूस खचतो' ही समजूतही सोडून द्यावी. एका वेळी साधारण दीड लिटरपर्यंत पाणी काढल्याने धाप कमी होते, रुग्णाला झोप लागते. पुनःपुन्हा भरत असेल, तर विशिष्ट पावडर सोडून दोन्ही पदर चिकटवता येतात, किंवा बारीक नळी बसवता येते.

आवरणात पोचलेला कर्करोग समूळ बरा होणे कठीण, हे मी नातेवाइकांपासून लपवीत नाही. पण काही रुग्णांना, पेशींतील विशिष्ट दोष सापडल्यास, गोळ्यांनी चांगला आराम मिळतो. हा दोष पुष्कळदा त्याच पाण्यातून शोधता येतो. पहारेकऱ्यांना पुन्हा कामाला लावणारी औषधेही निघाली आहेत. त्यामागच्या संशोधनास 2018 साली नोबेल मिळाले. ती फार महाग आहेत. मात्र डोके व मानेच्या कर्करोगात त्यांपैकी एका औषधाचा अगदी अल्प डोसही उपयोगी पडतो, हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 2022 मध्ये दाखवून दिले.

ही सारी दारे उघडतात ती योग्य निदानानंतरच. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीतून पाणी काढले, की डॉक्टरांना न संकोचता विचारा, 'यात कर्करोगाच्या पेशी पाहिल्या का?' डॉक्टरांनीही या प्रश्नाचा राग मानू नये. मला तो त्या वेळी कोणी विचारला असता, तर बरे झाले असते.