चौकटीत मावेल तेवढा रुंद टायर घ्या

जुन्या पोलादी रेसिंग सायकली दुरुस्त करून चालवणारी तरुण मुलं साताऱ्यात दिसू लागली आहेत. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. अशी सायकल दिसली की मी थांबून ती बघतेच. पण बहुतेक वेळा तिला 23 मिमीचे टायर असतात आणि त्यांत 110-120 पीएसआय हवा ठासलेली असते. सायकल रेसची, म्हणून टायर बारीक, एवढाच हिशेब. आपल्या रस्त्यांवर हा हिशेब चुकतो. जुन्या सायकलला चौकटीत सुरक्षित मावेल तेवढा रुंद टायर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

हवेचा टायर आला तोच हादरे कमी करायला. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बारीक टायर टणक फुगवला की तो खडबडीत रस्त्यावर दबत नाही, उसळतो. प्रत्येक उसळीबरोबर सायकल आणि स्वार दोघेही हलतात आणि पायांनी लावलेला जोर त्यात वाया जातो. रुंद टायर कमी हवेवर ते खडे, त्या भेगा पोटात घेतो. व्यावसायिक शर्यतपटूही 23 वरून 25 आणि आता 28 मिमी किंवा त्याहून रुंद टायरवर आले आहेत. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला बारीक टायर वारा थोडा कमी अडवतो, हे खरं. पण यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

माझ्या 700सी चाकांच्या सायकलला 28 मिमीचे टायर आहेत. माझं वजन 62 किलो. पुढे 55, मागे 65 पीएसआय हवा मला पुरते. घाट उतरताना ब्रेक दाबला की चाक रस्ता धरून राहतं आणि घरी आल्यावर मनगटं दुखत नाहीत.

टायर घेताना इंचांवर मात्र विसंबू नका. जुन्या सायकलींना 27 इंची किंवा 700सी चाकं असतात. दोन्ही दिसायला सारखी, पण टायर रिमवर बसतो तिथला व्यास 27 इंचीला 630 मिमी, तर 700सीला 622 मिमी. एकाचा टायर दुसऱ्यावर चालत नाही. आपल्याकडच्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचं 28 इंची चाक तर 635 मिमीचं. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला 28-622 किंवा 32-630 असा आकडा वाचा: आधी रुंदी, मग व्यास.

त्यानंतर चौकट मोजा. टायर फुगवल्यावर फोर्क, ब्रेक आणि मागचे दांडे यांपासून सगळीकडे किमान 4 मिमी जागा हवी. 4 मिमीची ॲलन की सहज सरकली, तर ठीक. 27 इंची चाक काढून 700सी बसवायचं असेल, तर ब्रेकची रबरं 4 मिमी खाली येतात का, ते आधी पाहा. जुन्या रिमच्या कडेला आतून टायर धरणारी वळलेली धार नसेल, तर जास्त हवा भरूच नका. टायर रिमवरून निसटू शकतो.

‘रुंद टायरने सायकलचं मूळ रूप बिघडतं’, असं मला ऐकवलं जातं. पण 1970 च्या दशकातल्या कितीतरी स्पोर्ट्स सायकली कारखान्यातूनच 27 बाय सव्वा इंची, म्हणजे सुमारे 32 मिमीच्या टायरवर बाहेर पडल्या. मडगार्डसाठी जागा असायची ती वेगळीच. तेव्हा रुंद टायर घालणं हेच अनेकदा मूळ रूप जपणं ठरतं.

दुकानदारांना माझी विनंती आहे: 23 च्या शेजारी 28 आणि 32 ही ठेवा, आणि गिऱ्हाईकाला त्याचं वजन आणि रोजचा रस्ता विचारा. मुलांनो, तुम्हीही पैसे देण्याआधी आपली चौकट मोजून जा. टायर योग्य असेल, तर ही जुनी सायकल भिंतीवर टांगायची वेळ येणार नाही. ती रोज चालवावीशी वाटेल.