'प्रश्न उद्भवत नाही!'

विधानसभेच्या प्रश्नोत्तरांची यादी एकदा सवडीने वाचून पाहावी. आमदार विचारतात, 'अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय?' मग, 'असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?' आणि शेवटी, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' मंत्रिमहोदयांचे उत्तर छापून येते, 'हे खरे नाही.' एकदा पहिले खरे नाही म्हटले की पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना एकच उत्तर पुरते : 'प्रश्न उद्भवत नाही.' संपला विषय.

दिव्यांगांच्या बाबतीत हे फार घडते. आमदाराची कळकळ खरी असते, पण प्रश्न इतका मोघम असतो की त्याला मोघमच उत्तर मिळते. 'शासकीय इमारतींत दिव्यांगांसाठी सोयी नाहीत, हे खरे आहे काय?' झाले, खालून माहिती मागवली जाते. मंत्रालयातून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका आणि तालुक्यातून मोबाईलवर निरोप : 'उद्या अकराच्या आत द्या, विधानसभेचे आहे.' तक्त्यात रकाना एकच, रॅम्प आहे किंवा नाही. ज्याच्या हाती तक्ता तो 'आहे' लिहितो, कारण उतार केलेला असतोच. तक्ते वर चढत जातात, बेरजा होतात आणि सभागृहात उत्तर तयार : 'हे खरे नाही.' यात कोणी खोटे बोलले काय? नाही. रॅम्प आहेच. फक्त त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही.

साधा हिशेब आहे. एक फूट उंची चढायची तर रॅम्प बारा फूट लांब हवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतले प्रमाण हेच, एकास बारा. ग्रामपंचायतीचे जोते दोन फूट असेल तर चोवीस फूट उतार लागतो. आपल्याकडे जागा नाही म्हणून किंवा कंत्राटदाराला घाई म्हणून तो सहा-सात फुटांत उरकलेला दिसतो. भरल्या बैलगाडीचे बैलसुद्धा तिथे बिचकतील असा चढ! त्यावर गुळगुळीत फरशी, कठडा नाही, पावसाळ्यात शेवाळ. तीनचाकी सायकलवरचा माणूस खालीच थांबतो आणि आपला कागद कोणाच्या तरी हाती वर पाठवतो. ग्रामसभेला तो अंगणातूनच हजर. त्याची सही रजिस्टरवर असते, त्याचे म्हणणे इतिवृत्तात नसते.

म्हणून प्रश्न 'रॅम्प आहे काय' असा नको. 'जोत्याची उंची किती आणि रॅम्पची लांबी किती' असा हवा. आकडा मागितला की तक्त्यात आकडाच भरावा लागतो. आम्ही शेतीखात्याची माणसे बियाण्याच्या किती पिशव्या वाटल्या यावर पिकाचा अंदाज बांधत नाही. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि उगवले किती ते मोजतो. दिव्यांगांच्या योजनांची उगवण अजून कोणी नीट मोजलेलीच नाही.

कायद्याची वानवा नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी, नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत त्यात घातली होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. म्हणजे जून २०२२ लाच मुदत संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्टच सांगितले की, सोयींचे निकष नुसते सल्लेवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. न्यायालयाने त्यासाठी तो नियमच रद्द ठरवला. एवढे सगळे होऊनही गावात काय बदलले, तर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' हा शब्द आला. शब्द बदलायला सिमेंट लागत नाही.

याच कायद्यात शेतकऱ्याच्या कामाची एक तरतूद आहे आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. शेतजमीन आणि घरे वाटपाच्या योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण, त्यातही महिलांना प्राधान्य. गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांतही तेच ५ टक्के. आता एखाद्या आमदाराने विचारावे : आमच्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत जमीन व घरकुलाचे लाभार्थी किती, त्यांत दिव्यांग किती, त्यांतल्या स्त्रिया किती? तीन आकडे. याला 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येणार नाही.

शेतीतला माणूस जन्मतःच दिव्यांग असतो असे थोडेच आहे? आपल्या भागात कित्येकांचे हात यंत्राने घेतले. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, उसाचा चरक. हंगामात रात्री उशिरापर्यंत काम चालते, डोळ्यांवर झापड असते, पेंढी आत ढकलताना बाहीही आत जाते. हे धोके सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. मळणीयंत्र डोळ्यांपुढे ठेवून केलेला धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा १९८३ चा आहे. चाळीस वर्षे उलटली. माझ्या बैठकांत मी हात वर करायला सांगतो, तेव्हा या कायद्याचे नाव ऐकलेला शेतकरी क्वचितच निघतो.

अपघात झालाच, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चाले आणि दावे फेटाळले जाण्याच्या तक्रारींना अंत नसे. एप्रिल २०२३ पासून शासन स्वतः सानुग्रह अनुदान देते. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वयाची अट १० ते ७५. हा बदल चांगलाच झाला, त्याचे श्रेय द्यायला हवे. पण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे यावा लागतो. आमच्या टापूतला एक गडी कडबाकुट्टीत उजवा हात मनगटापासून गमावून बसला. पंधरा दिवस दवाखान्यातच गेले. मग दाखल्यासाठी फेरे. डॉक्टर ठरावीक वारीच बसत, एका वारी ते आलेच नाहीत, दुसऱ्या वारी संगणक बंद. वर अर्जावर सही उजव्या हाताचीच, बँकेतल्यासारखी हवी, असे एका खिडकीवर सांगितले. तो गप्प राहिला. बरोबरची त्याची बायको मात्र म्हणाली, "सायब, तो हातच आणून देऊ काय?" आता बोला! अशा वेळी सभागृहात विचारायला हवे ते हे की, किती प्रस्ताव आले, मुदतीबाहेर म्हणून किती परत गेले, दाखल्याअभावी किती पडून आहेत. आणि तीन बोटे गेली, तर ते 'एक अवयव' धरायचे की नाही? कोयता धरणाऱ्या माणसाच्या लेखी तीन बोटे म्हणजे अख्खा हात.

सभागृहात विचारून काही होत नाही, असेही कोणी समजू नये. १९५३ मध्ये कलकत्त्याहून साधन गुप्त हे अंध वकील लोकसभेवर निवडून गेले. दिव्यांग माणूस स्वतः बाकावर बसून सरकारला जाब विचारू शकतो, हे देशाने तेव्हाच पाहिले. आपल्याकडे अचलपूरचे बच्चू कडू २००४ ते २०२४ आमदार होते आणि हा विषय त्यांनी सोडला नाही. त्यांची रीत सगळ्यांना पटली असे नाही. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेत दिव्यांगांच्या निधीवरून ते आयुक्तांवर धावून गेले, गुन्हाही दाखल झाला. अधिकाऱ्यावर हात उगारणे आम्हा नोकरदारांना कसे रुचेल? परंतु निधी पडून होता म्हणून ठिणगी पडली, हेही विसरू नये. २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. जून २०२५ मध्ये आमदारकी नसताना ते गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, तेव्हा कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या ६००० रुपये मानधनाचीही मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम १५०० वरून २५०० करण्याचा निर्णय झाला. मागितले त्याच्या निम्मेही नाही, तरी हजार रुपये वाढले.

दिल्लीचे काय? इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२ पासून तेवढाच. तोही ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली नाव असेल तर. म्हणजे माणूस दाखल्यावर ८० टक्के भरला नाही, की बाहेर. संसदेच्या ग्रामविकासाच्या स्थायी समितीने रक्कम वाढवा असे पुन्हापुन्हा सुचवले आहे. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांना हा आकडा पाठ असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

गावातल्या ५ टक्के निधीची तर वेगळीच गंमत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची. पूर्वी हे ३ टक्के होते. समजा, पंचायतीची वसुली २ लाख, तर निधी १० हजार. गावात वीस दिव्यांग असले की वाट्याला पाचशे. मग पाचशेची चादर किंवा डबा देऊन फोटो काढला जातो आणि 'खर्च शंभर टक्के' असा अहवाल जातो. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा आराखडा करून एका वर्षी कुबड्या नि श्रवणयंत्रे, एका वर्षी कार्यालयाचा रॅम्प असे केले तर काही तरी हाती लागेल. घरपट्टीच थकलेली असेल तर तेही नाही, हे गावकऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि माणसे मोजलीत कुठे? २०११ च्या जनगणनेत राज्यात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग निघाले. आजही जो तो हाच आकडा देतो. तेव्हा प्रकार आठ मोजले होते, कायद्यात आता २१ आहेत. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारात येईल तेव्हा घरातले मतिमंद लेकरू, सिकलसेलची मुलगी, ऐकू न येणारा म्हातारा यांची नोंद लपवू नये. लाज वाटून नाव गाळले, की पुढे त्याच्या नावाने प्रश्न विचारायलाही जागा राहत नाही.

सभागृहात मंत्र्यांनी 'करू' म्हटले की ते आश्वासन ठरते आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. सभेतल्या भाषणाला हे बळ नाही. त्यामुळे पुढच्या अधिवेशनाआधी आमदार गावात आले, की हारतुऱ्यांबरोबर एक कागद त्यांच्या हाती द्यावा. त्यावर तीनच गोष्टी पुरेत : ग्रामपंचायत, शाळा आणि दवाखाना यांच्या जोत्याची उंची, रॅम्पची लांबी, आणि गेल्या वर्षीचा ५ टक्के निधी कशावर गेला ते. खाली सरपंचाची सही आणि त्यावरून वर जाऊ न शकलेल्या माणसाचा अंगठा. मोजायला टेप नसेल तर आमच्या कार्यालयात शेततळ्याच्या मोजणीचा आहे. सोमवारी बाजारच्या दिवशी यावे, घेऊन जावा, फक्त परत आणून द्यावा.