पडदा काळा, पंखा चालू
बटण दाबले की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. घरच्या संगणकाचे हे दुखणे पावसाळ्यात, त्यातही कोकणातल्या दमट हवेत, नेहमीचे. पुष्कळदा दोष रॅमच्या पट्टीत निघतो. तिच्या सोनेरी दातांवर धूळ आणि ओल यांचा पातळ थर साचला की संपर्क तुटतो. प्लग काढून, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, खटके उघडून पट्टी काढावी, दात शाळकरी खोडरबराने हलके पुसावेत, चुरा झटकावा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवावी. दुरुस्तीवाल्याची फेरी बऱ्याचदा इथेच वाचते. घड्याळ रोज मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरची ३ व्होल्टची, नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी बदलावी. वीज मात्र खोडरबराने आवरत नाही. लाइट परत येताना दाब २३० व्होल्टच्या बराच वर उसळू शकतो. सर्ज प्रोटेक्टर त्यातला बराच भाग अर्थिंगकडे वळवतो. बोर्डातले तिसरे भोक नुसते शोभेचे असेल, तर प्रोटेक्टरचे निम्मे काम तिथेच अडते. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नये, कारण आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून असतात. विजा कडाडू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची तांब्याची केबलही काढावी.