विषाद, वीज आणि स्मृती

मानसोपचारात विजेचे नाव निघताच सामान्य माणसाला अजूनही 'शॉक'च आठवतो. विजेने आकडी आणण्याचा हा उपचार चेर्लेत्ती व बिनी यांनी १९३८ साली रोम येथे सुरू केला. तीव्र विषादात तो आजही गुणकारी ठरतो. भुलीवाचून तो देण्यास भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनाई आहे. तरीही त्याविषयीची भीती निव्वळ अज्ञानजन्य म्हणता येणार नाही. या उपचारानंतर कित्येकांच्या आयुष्यातील काही प्रसंग स्मृतीतून पुसले गेले आहेत.

१९८५ साली शेफील्ड येथे बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून मेंदू उद्दीपित करून दाखविला. यात मुद्दाम आकडी आणावी लागत नाही, भूल लागत नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. औषधांना दाद न देणाऱ्या विषादासाठी अमेरिकेत या पद्धतीला २००८ मध्ये मान्यता मिळाली. अनेकांची मरगळ तिने उतरते, आणि स्मृतीला सहसा धक्का पोचत नाही. परंतु 'स्मृती बिघडत नाही' या विधानाचे 'स्मृती सुधारते' असे रूपांतर उत्साहाच्या भरात फार सहज होते. ते मान्य करता येणार नाही. त्याबाबतच्या निष्कर्षांत अद्याप एकवाक्यता नाही.

शिवाय, कोणती स्मृती? चाचणीत बहुधा शब्दांची यादी ऐकवून किती शब्द आठवले ते मोजतात. विल्यम्स व ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये निराळेच काही दाखविले होते. एखादा शब्द देऊन त्यावरून आयुष्यातील एक प्रसंग सांगावयास लावले, तर आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेली माणसे नेमक्या प्रसंगाऐवजी ढोबळ आठवण सांगत. पुढे विषादग्रस्तांतही हेच आढळले. 'आजोळी जायचो तेव्हा बरे वाटायचे', एवढेच येते. अमुक दिवशी ओढ्याला पूर आला आणि मामाने खांद्यावर घेतले, हे येत नाही.

कथनाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. मराठीत तर तो क्रियापदातच आहे: रीतिभूतकाळातले 'जायचो' आणि एकदाच घडलेले 'गेलो'. हिंदीतही 'जाया करते थे' आणि 'गए' यांत तेच अंतर आहे. इंग्रजी चाचण्यांची भाषांतरे करून भारतीय रुग्णांची स्मृती मोजणाऱ्यांनी व्याकरणकारांची दारे क्वचितच ठोठावली असावीत. उपचारानंतर रुग्ण 'जायचो' सोडून 'गेलो' म्हणू लागला की नाही, हे यादीतल्या पंधरा शब्दांपैकी नऊ आठवले की अकरा, यावरून कळणारे नाही.